नववीच्या मुलांमधील आक्रमकता: शाळेत नेमका कोणता कार्यक्रम घ्यावा?

प्रश्न: वर्गशिक्षिका, तासगाव तालुका

सर्वांना नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात एका माध्यमिक विद्यालयात नववीची वर्गशिक्षिका आहे. माझ्या वर्गात ४२ मुले-मुली असून त्यांपैकी सात मुलांच्या वागण्यामुळे मी वर्षभर काळजीत आहे. ही मुले वाईट नाहीत, हे आधीच सांगते. शाळेआधी ती द्राक्षबागेत चक्कर टाकून येतात, घरची जनावरे बघतात आणि गावात कुणाकडे मयत झाली तर न बोलावता धावून जातात. शाळेत मात्र शब्दाला शब्द लागला की त्यांचा हात उठतो.

दिवाळीच्या सुट्टीनंतर सायकल स्टँडवर मारामारी झाली आणि एकाने दुसऱ्याच्या कपाळावर कंपासपेटी मारली. तीन टाके पडले. मी मारणाऱ्याला एकट्याला बसवून कारण विचारले, तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, त्यानं खुन्नस दिली." खुन्नस म्हणजे नेमके काय केले, असे विचारल्यावर उत्तर आले, "माझ्याकडं बघून हसला." नंतर बाकीच्यांकडून कळले की ज्याला मार बसला तो मुलगा याच्याकडे पाहतच नव्हता. याच्या मागे उभ्या असलेल्या मित्राच्या सायकलची चेन पडली होती आणि त्याचे हात ग्रीसने काळे झाले होते, त्याला तो हसत होता. हे ऐकल्यावर मारणाऱ्या मुलाचा चेहरा जो उतरला, तो माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

आता शालेय समितीच्या बैठकीत तीन सूचना आल्या आहेत. पहिली, या सातही जणांना एकदा कारागृह दाखवून आणावे. दुसरी, मे महिन्यात त्यांना लष्करी शिस्तीच्या निवासी शिबिराला पाठवावे. तिसरी, पालकांना बोलावून सरळ दाखला हातात द्यावा. यांतले काय करायचे किंवा दुसरे काही सुचवायचे असेल तर ते पंधरा दिवसांत लेखी द्यावे, असे मला सांगण्यात आले आहे. किशोरवयीन मुलांची आक्रमकता कमी करण्यासाठी असा एखादा कार्यक्रम आहे का, की ज्याचा उपयोग होतो हे तपासून पाहिलेले आहे? आणि माझ्यासारख्या शिक्षिकेला तो घेता येईल का?

उत्तर १: समुपदेशक, सातारा

मॅडम, तुम्ही सांगितलेल्या सायकल स्टँडच्या प्रसंगात या विषयाचे मर्म आले आहे, पण त्याकडे वळण्याआधी समितीच्या सूचनांविषयी बोलतो, कारण त्यांतल्या दोन सूचनांनी नुकसान होण्याची शक्यता आहे.

कारागृह दाखवून मुलांना घाबरवण्याचा प्रयोग अमेरिकेत न्यू जर्सीतील राहवे तुरुंगात १९७० च्या दशकात सुरू झाला. जन्मठेपेचे कैदी मुलांवर ओरडत, तुरुंगातल्या आयुष्याची भीषण वर्णने करत आणि मुले रडत बाहेर येत. त्यावरच्या माहितीपटाला ऑस्कर मिळाले आणि ठिकठिकाणी त्याचे अनुकरण झाले. पुढे अशा कार्यक्रमांचा काटेकोर अभ्यास झाला. चिठ्ठ्या टाकल्यासारखे काही मुलांना भेटीला नेले, काहींना नेले नाही आणि दोन्ही गटांची तुलना केली. सर्व अभ्यास एकत्र पाहिल्यावर आढळले की भेटीला गेलेल्या मुलांकडून पुढे जास्त गुन्हे घडले. भीती काही दिवसांत ओसरते, पण "मी आत जाऊन आलो" ही फुशारकी मात्र मित्रांमध्ये बराच काळ पुरते, असे माझे स्वतःचे निरीक्षण आहे.

लष्करी शिस्तीच्या शिबिरांचीही तिकडे भरपूर तपासणी झाली आहे. निव्वळ कवायत, ओरडा आणि शारीरिक कष्ट यांनी पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण कमी होत नाही, असाच एकूण निष्कर्ष आहे. आपल्या सातारा-सांगली भागात घराघरांतून सैनिक गेले आहेत, लष्कराविषयी आपल्याला मनापासून आदर आहे आणि त्यामुळे "टाका त्याला मिलिटरी शाळेत" हे वाक्य पालकांच्या तोंडी सहज येते. परंतु सैन्यात जाणारा तरुण स्वतःच्या इच्छेने जातो, आणि शिक्षा म्हणून पाठवलेला चौदा वर्षांचा मुलगा आपल्याला घरातून आणि शाळेतून काढून टाकले असे समजतो.

या सात जणांनाच वेगळे काढून एकत्र ठेवण्यातही धोका आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १९३९ साली केंब्रिज-सॉमरव्हिल अभ्यास सुरू झाला, त्यात मुलांना वर्षानुवर्षे मदत, मार्गदर्शन आणि शिबिरे दिली गेली. जोन मॅककॉर्ड यांनी सुमारे तीस वर्षांनी त्यांचा शोध घेतला, तेव्हा मदत मिळालेल्यांची अवस्था न मिळालेल्यांपेक्षा वाईट निघाली, आणि ज्यांना पुन्हा पुन्हा उन्हाळी शिबिरांना पाठवले होते त्यांच्यात हे विशेष दिसले. पुढे १९९९ मध्ये त्यांनी डिशन आणि पुलँ यांच्यासह यामागचे एक कारण मांडले. अशी मुले एकत्र बसली की कुणीतरी आपल्या राड्याची गोष्ट सांगतो, बाकीचे हसतात, आणि ते हसू म्हणजे त्या मुलासाठी बक्षीस ठरते.

आता उपयोग झालेल्या कार्यक्रमांविषयी. अर्नोल्ड गोल्डस्टीन आणि बॅरी ग्लिक यांनी १९८० च्या दशकात 'अ‍ॅग्रेशन रिप्लेसमेंट ट्रेनिंग' नावाचा कार्यक्रम बांधला. नावातच त्याचा विचार आहे: आक्रमकता नुसती दाबायची नाही, तिच्या जागी दुसरे काहीतरी द्यायचे. दहा आठवडे, आठवड्याला तीन तास, असे तीस तास चालतात आणि आठवड्याच्या प्रत्येक तासाचे काम वेगळे असते. एका तासाला व्यवहारातले कौशल्य शिकवतात, उदाहरणार्थ चिडवणाऱ्याला उत्तर कसे द्यावे, तक्रार कशी मांडावी, मित्रांच्या दबावाला नकार कसा द्यावा. शिकवणारा आधी ते करून दाखवतो, मग मुले आपल्याच आयुष्यातला प्रसंग घेऊन ते वठवतात, इतर मुले काय बरे झाले आणि काय राहिले ते सांगतात, आणि घरी-गल्लीत ते करून पाहण्याचा गृहपाठ असतो. दुसऱ्या तासाला राग ओळखायला शिकवतात: तो कशाने पेटतो, पेटताना शरीरात काय होते, कान तापतात की मुठी वळतात, त्या क्षणी श्वास लांबवणे, उलटे आकडे मोजणे, स्वतःशी एक ठरलेले वाक्य म्हणणे. तिसऱ्या तासाला नैतिक पेचावर चर्चा होते. मित्राने चोरी केली आहे आणि विचारणा तुझ्याकडे झाली आहे, तर तू काय करशील, अशा प्रश्नावर मुलांनी एकमेकांशी वाद घालायचा आणि दुसऱ्याच्या बाजूने पाहायला शिकायचे.

वॉशिंग्टन राज्यात बालन्यायालयांमार्फत हा कार्यक्रम राबवला गेला आणि २००४ मध्ये त्याचे मूल्यमापन प्रसिद्ध झाले. जिथे शिकवणाऱ्यांनी तो नीट घेतला तिथे अठरा महिन्यांत पुन्हा गंभीर गुन्हा करण्याचे प्रमाण २४ टक्क्यांनी घटले. जिथे तो कसातरी उरकला गेला तिथे काहीच फरक पडला नाही. पुस्तिका तीच, तास तेवढेच आणि परिणाम शून्य. तुमच्या समितीला मी सर्वांत आधी हाच निष्कर्ष वाचून दाखवीन.

तुमच्या 'खुन्नस'कडे येतो. केनेथ डॉज यांनी दाखवले की आक्रमक मुले संदिग्ध प्रसंगात समोरच्याचा हेतू वाईटच होता असे धरून चालतात. धक्का लागला म्हणजे मुद्दाम मारला, हसला म्हणजे मलाच हसला. शिकागोच्या शाळांमधील 'बिकमिंग अ मॅन' या कार्यक्रमात नेमक्या याच सवयीवर काम होते. त्यातला एक खेळ मी आमच्याकडे अनेकदा घेतला आहे. मुलांच्या जोड्या लावायच्या. एकाच्या हातात चेंडू द्यायचा आणि दुसऱ्याला सांगायचे, तीस सेकंदांत त्याच्याकडून हा चेंडू घे. लगेच झटापट सुरू होते, बोटे पिरगाळली जातात, बाके सरकतात, कुणाच्या शर्टाचे बटण तुटते. मग भूमिका बदलून पुन्हा तेच. शेवटी विचारायचे, "तुमच्यापैकी एकानेही तो मागितला का नाही?" मुले म्हणतात, मागितल्यावर कोण देतोय? मग जोडीदाराला विचारायचे, त्याने मागितला असता तर तू काय केले असतेस? तो बहुधा म्हणतो, "दिला असता की, मला काय करायचाय तो?" यानंतर वर्गात जी शांतता पसरते, ती कोणत्याही व्याख्यानाने पसरत नाही. शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी या कार्यक्रमाच्या चाचण्या घेतल्या, त्यांत कार्यक्रम चालू असताना हिंसक गुन्ह्यांसाठी होणाऱ्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी कमी झाल्या. कार्यक्रम संपल्यावर अटकांमधला हा फरक टिकला नाही, हेही सांगायला हवे, म्हणून एक सत्र घेऊन थांबू नका.

इथे तुम्ही विचाराल की शिकागोतही अशीच मुले एकत्र बसत होती, मग धोका कुठे गेला? फरक असा की तिथे प्रत्येक तासाला काम ठरलेले असते आणि राड्याच्या गोष्टीला हशा मिळू न देणारा, मुलांनी मानलेला माणूस सतत समोर असतो. तसा माणूस हाताशी नसेल तर सात जणांचा वेगळा गट करूच नका. सगळ्या वर्गाला शिकवा.

आणि कोणताही कार्यक्रम सुरू करण्याआधी या सातही जणांशी एकेकट्याने बोला. किशोरवयात नैराश्य पुष्कळदा रडण्याऐवजी चिडचिडीच्या रूपाने दिसते. कुणाला वाचनच नीट येत नसेल आणि वर्गात उठून वाचायची वेळ येऊ नये म्हणून तो आधीच भांडण काढत असेल. कुणी मावा खात असेल, कुणी घरी रोज मार खात असेल. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ मध्ये सुरू झाला, त्याअंतर्गत सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी सल्ला केंद्रे आहेत, आपल्याकडे ती 'मैत्री' या नावाने ओळखली जातात. मानसिक आरोग्यासाठीच्या 'टेलि-मानस' या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते. मुलाला घरी मारहाण होत असल्याचे कळले तर मुलांसाठीची १०९८ ही मदतवाहिनी आहे.

उत्तर २: निवृत्त क्रीडाशिक्षक, कराड

समुपदेशक सरांचे उत्तर दोनदा वाचले. माझे मत थोडे वेगळे आहे. मी तीस वर्षे मुलांना मैदानावर शिकवले. आमच्या कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक आणले, तेव्हापासून या भागातल्या पोरांना तालमीची ओढ आहे. ज्या मुलाच्या अंगात रग आहे त्याला ती रग जिरवायला जागा द्या, असे मला वाटते. माझ्याकडे आलेली कितीतरी भांडखोर मुले तालमीत गेल्यावर वर्षभरात शांत झाली. पहाटे उठायचे, जोर-बैठका मारायच्या, माती उकरायची, वस्तादांच्या पाया पडायचे आणि थकून झोपायचे. भांडायला वेळ कुठे उरतो? मॅडमनी कार्यक्रमात तालीम जरूर घ्यावी.

उत्तर ३: समुपदेशक, सातारा

सर, तालमीने मुले सुधारल्याचे तुम्ही स्वतः पाहिले आहे आणि त्यावर माझा विश्वास आहे. फक्त त्याचे कारण 'रग जिरणे' हे नसावे, असे मला वाटते. रागावलेल्या माणसाने उशीवर किंवा बॅगवर ठोसे मारून राग बाहेर काढला की तो निवळतो, ही समजूत ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये प्रयोगाने तपासली. ज्याने चिडवले त्याचा विचार करत बॅगवर ठोसे मारणाऱ्यांचा राग आणि आक्रमकता दोन्ही वाढल्या. काहीही न करता नुसते बसून राहिलेले लोक त्यांच्यापेक्षा शांत होते.

तालमीत माझ्या मते दुसरेच काही घडत असते. तिथे डाव लागला तरी खुन्नस धरायची नाही, चितपट झालेल्याला हात देऊन उठवायचे, वस्तादांनी "सोड" म्हटले की त्या क्षणी सोडायचे, हे रोज शंभर वेळा अंगवळणी पडते. आणि मुलगा दोन दिवस आला नाही तर त्याच्या घरी निरोप पाठवणारा एक मोठा माणूस तिथे असतो. चांगला वस्ताद असेल तर तालीम जरूर घ्यावी. मात्र जिथे वस्ताद नाही, नुसती व्यायामशाळा आहे आणि आरशासमोर दंड दाखवत स्टेटस ठेवणारी थोराड मुले आहेत, तिथे हीच मुले पाठवू नयेत.

उत्तर ४: एक आई, सातारा

बाई, मी शिक्षिका नाही आणि मला संशोधनातले काही कळत नाही, पण आमच्या घरात घडले ते लिहिते, कारण शाळेच्या कार्यक्रमात आई-वडिलांचा विषय कुणी काढलेला दिसला नाही.

माझा मुलगा दहावीत असताना मोबाईलवरून रोज भांडण व्हायचे. मी "आता बस" म्हणायचे, तो ऐकायचा नाही. मी आवाज चढवायचे, तो ताट आपटायचा. मी घाबरून म्हणायचे, "बरं, अजून अर्धा तास." नाहीतर त्याचे वडील उठून त्याच्या कानाखाली लावायचे आणि तो दोन दिवस गप्प राहायचा. एकदा त्याने खोलीच्या दाराला लाथ मारली आणि कडी चौकटीसकट निघाली. ती कडी हातात घेऊन मी ओट्याशी बसून राहिले होते.

आम्हाला ज्या समुपदेशक बाई भेटल्या त्यांनी मुलाआधी आम्हा दोघांना बोलावले. त्यांनी कागदावर आमचे भांडण पायरी-पायरीने लिहून काढायला सांगितले. लिहिल्यावर दिसले की आमच्या घरात जो जास्त वेळ ओरडेल त्याचे खरे होते, आणि हा धडा मुलाला आम्हीच दिला होता. मी शेवटी "बरं" म्हणायचे, म्हणून ताट आपटणे त्याला उपयोगी पडत होते. त्याचे वडील मारायचे, म्हणून मोठ्याने हात उगारला की समोरचा गप्प होतो हेही त्याला पटले होते. अमेरिकेतल्या गेराल्ड पॅटरसन या संशोधकाने असे चक्र कितीतरी घरांत जाऊन टिपले आहे, असे बाईंनी सांगितले, तेव्हा आम्हाला जरा हायसे वाटले, आपलेच घर तेवढे बिघडलेले नाही म्हणून.

आम्ही तीनच गोष्टी ठरवल्या. सूचना एकदाच आणि जवळ जाऊन द्यायची, स्वयंपाकघरातून ओरडून नाही. ठरलेल्या वेळी मोबाईल ठेवला तर ते बोलून दाखवायचे, नाही ठेवला तर दुसऱ्या दिवशी तेवढा वेळ कमी, त्यावर चर्चा नाही. आणि हात उगारायचा नाही, कुणीच नाही. शेवटची गोष्ट त्याच्या वडिलांना फार जड गेली. पहिले पंधरा दिवस मुलगा पूर्वीपेक्षा जास्त चिडला, कारण नेहमीचा उपाय चालेनासा झाला होता. आम्ही सोडून देणारच होतो. बाईंनी हे आधी सांगून ठेवले होते म्हणून टिकलो.

त्याच सुमारास हे त्याला सकाळी सहाला डेअरीवर दूध आणायला सोबत नेऊ लागले. वाटेत काही शिकवायचे नाही, अभ्यासाचे विचारायचे नाही, अशी बाईंची अट होती. पहिला महिना दोघे नुसते चालले. आज तो अकरावीत आहे. भांडणे होतात, पण दाराची नवी कडी शाबूत आहे.

प्रश्नकर्ती: वर्गशिक्षिका, तासगाव तालुका

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. ताई, तुमचे उत्तर मी घरी मोठ्याने वाचून दाखवले.

मी समितीपुढे लेखी प्रस्ताव ठेवला. कारागृहभेट रद्द झाली. दाखल्याचा विषय वर्षअखेरपर्यंत पुढे ढकलला आहे. शिबिराबद्दल अजून मतभेद आहेत. सातही मुलांशी एकेकट्याने बोलून झाले. त्यांपैकी दोघांना नववीत असूनही चौथीच्या पुस्तकातला उतारा सलग वाचता येत नाही. मी त्यांना वर्षभर वर्गात उभे करून वाचायला लावत होते, याचे मला फार वाईट वाटते. एकजण घरी मार खातो. ज्याने कंपासपेटी मारली तो माझ्याशी जवळजवळ काहीच बोलला नाही, पण जाताना "मॅडम, त्याचे टाके निघाले का?" असे विचारून गेला.

आता सर्व ४२ जणांसाठी आठवड्याला दोन तास मिळाले आहेत. एक माझा आणि एक शारीरिक शिक्षणाचा. माझी खरी अडचण वेगळी आहे. आमच्या दोन सहकाऱ्यांच्या हातात अजूनही छडी असते. मी राग आवरायला शिकवीन आणि पुढच्याच तासाला मुलांच्या हातावर छडी बसेल. अशाने काय साधणार? आणि मी त्यांची वर्गशिक्षिका, गुण देणारीही मीच. मुले माझ्यापुढे मोकळी होतील का?

उत्तर ५: समुपदेशक, सातारा

मॅडम, तुमच्या दोन्ही शंका रास्त आहेत आणि दोन्हींना आपल्याच देशातल्या अभ्यासाचा आधार आहे. बिहारमधील नालंदा जिल्ह्यात ७४ शासकीय माध्यमिक शाळांमध्ये 'सेहेर' नावाचा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. काही शाळांत कार्यक्रम तिथल्याच शिक्षकांनी घेतला, काही शाळांत त्यासाठी प्रशिक्षण दिलेल्या, पण व्यवसायाने मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या समुपदेशकांनी घेतला. समुपदेशकांच्या शाळांत दादागिरी, मारामारी आणि नैराश्य कमी झाले, शाळेचे वातावरण सुधारले. शिक्षकांनी घेतलेल्या शाळांत तसा फरक दिसला नाही. याचा अर्थ शिक्षक कमी पडतात असा मी घेत नाही. शिकवणे, परीक्षा, शासनाची माहिती भरणे हे सगळे सांभाळून हे काम ज्याच्यावर टाकले जाते, त्याच्या हातून ते पहिल्यांदा सुटते. म्हणून गावातला एखादा पदवीधर तरुण किंवा तरुणी, जी मुलांना मारत नाही आणि गुणही देत नाही, तिला सोबत घ्या. तिला प्रशिक्षण देण्याचे मी बघतो, महिन्यातून एक शनिवार मी तासगावला येऊ शकतो.

छडीविषयी मात्र भीड ठेवू नका. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे. सहकाऱ्यांना कायदा दाखवून ते दुखावतील, पण नालंदातही शिस्तीच्या पर्यायी मार्गांवर शिक्षकांशी बोलणे हा कार्यक्रमाचाच भाग होता. तुमच्या मुख्याध्यापकांना सांगून पहिली कार्यशाळा मुलांआधी शिक्षकांची घ्या. नालंदातूनच आणखी एक गोष्ट सहज उचलता येईल: व्हरांड्यात एक कुलूपबंद पेटी ठेवा, मुलांनी नाव न घालता चिठ्ठी टाकायची आणि दर आठवड्याला तिचे उत्तर फळ्यावर किंवा परिपाठात द्यायचे. उत्तर दिले नाही तर पेटी महिन्याभरात रिकामी राहू लागते.

वाचता न येणाऱ्या दोघांची तपासणी जिल्हा रुग्णालयात करून घ्या. तोपर्यंत त्यांना सगळ्यांसमोर वाचायला लावू नका, एवढे आजपासून करता येईल.

कंपासपेटीवाल्या मुलाने टाक्यांबद्दल विचारले, हे मला फार महत्त्वाचे वाटते. त्याला उत्तर तुम्ही देऊ नका. ज्याला मार बसला त्याची तयारी असेल, तर दोघांना तुमच्यासमोर बसवा आणि त्यालाच ते विचारू द्या.

चेंडू मागण्याचा तो शिकागोचा खेळ पहिल्याच तासाला घ्या. चेंडूऐवजी गोट्या न्या, मुठीत नीट मावतात. खेळाआधी मुलांना नखे कापून यायला सांगा.